निळी पॉन्टिअ‍ॅक विकायची आहे

"टप उघडाच ठेवा," नोरीन ड्रेक म्हणाली. "आणि हर्शेल तुमच्याबरोबर येईल. एवढी एकच अट."

डेल व्हिटकरला अट वावगी वाटली नाही. लाडकी गाडी परक्याच्या हाती देताना मालक शेजारी बसणारच. फक्त हा मालक चाकाच्या खुर्चीत होता. हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, असं नोरीनने फोनवरच सांगितलं होतं.

गाडी सदुसष्ट सालची पॉन्टिअ‍ॅक, गडद निळी, कापडी टपाची. तरुणपणी डेलकडे अशीच गाडी होती. मुलगी झाली तेव्हा ती विकून त्याने घरच्यांच्या सोयीची चार दारांची गाडी घेतली. त्याची बायको अर्लीन पुढे आयुष्यभर म्हणत आली, घे रे पुन्हा एकदा. या वसंतात अर्लीन गेली. आता तो कारखान्यातून निवृत्त झाला होता, गाडी घ्यायला कसलीच अडचण उरली नव्हती. शेजारी बसायला कुणी नव्हतं, एवढंच.

त्याने बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन लख्ख, तेल ताजं, बॅटरी नवी. किल्ली फिरवली तर टाकी काठोकाठ भरलेली. विकायच्या गाडीत एवढं पेट्रोल कोण भरतं, असं त्याने हसत विचारलं. हर्शेलला रिकामी टाकी खपत नाही, असं नोरीन म्हणाली आणि नवऱ्याला उठवायला वाकली.

डेल मदतीला पुढे झाला.

"राहू द्या. जमतं मला. लोकांपुढे हात पसरायची आम्हाला सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायचीही नाही."

तिला खरंच जमत होतं. तिने हर्शेलला सीटवर बसवलं, पट्टा बांधला, टोपी नीट केली, गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळला. तुम्हीही मागे बसा की, असं डेलने सुचवलं.

"मी मागे बसले की तो सारखा वळून बघतो, मान दुखते त्याची. तुम्ही जा. नदीकाठच्या रस्त्याने जा. लांबचा आहे, पण गाडी खरी तिथेच कळते." मग जराशी हसून म्हणाली, "मला क्लच कधी जमला नाही. जन्मभर त्याच्या शेजारी नुसती बसत आले."

वाबाश नदी संथ होती. दोन्ही अंगांना मका वाळून पिवळा पडला होता. डेलने गाडी तिसऱ्यात टाकली, मग चौथ्यात, आणि इंजिनाचा आवाज त्याच्या छातीत उतरला. वारा कानांत भणभणत होता. शेजारी हर्शेल पुतळ्यासारखा बसला होता. फक्त गिअर बदलायची वेळ आली की त्याचा डावा हात मांडीवर जागच्या जागी हलायचा, आणि तो डेलच्या हाताच्या किंचित आधी हलायचा.

जुना लोखंडी पूल ओलांडताना तो बोलला.

"नोरीन."

शब्द इतका स्पष्ट होता की डेलने दचकून पाहिलं. हर्शेलची नजर समोर रस्त्यावर होती.

"थंडी वाजते का गं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "छान वाटतंय."

हर्शेलने मान हलवली. घरी पोचेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

नोरीन पायरीवर उभी होती. गाडी कशी वाटली, हे तिने विचारलंच नाही.

"काही बोलला का?"

सांगावं की नाही, डेलला कळेना. शेवटी त्याने जसंच्या तसं सांगितलं. ती हर्शेलच्या मफलरची गाठ सोडायला वाकली होती.

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. छान वाटतंय म्हटलं."

"बरं केलंत."

त्या साध्या गाठीला तिला बराच वेळ लागला.

स्वयंपाकघरात तिने कॉफी दिली, अंगणातल्या पर्सिमनच्या फळांचं पुडिंग वाढलं. डेल म्हणाला, घासाघीस करणार नाही, तुम्ही म्हणाल ती किंमत. नोरीनने बशी खाली ठेवली.

"माफ करा. नाही विकवत मला."

त्याला राग आला नाही. अर्लीनचा हिरवा कोट अजून दारामागच्या खुंटीवर होता. चर्चमध्ये देऊन टाकू म्हणून मुलगी मागायला आली की दरवेळी तो पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. हे त्याने नोरीनला सांगितलं. "मला कळतं," तो म्हणाला, "घाई करू नका." मन बदललं तर आपल्याला आधी कळवा, एवढी विनंती त्याने केली, आणि तिने मान डोलावली. मग हर्शेलचा धड असलेला डावा हात हातात घेऊन त्याने निरोप घेतला, आणि आपला पिकअप ट्रक घेऊन कोकोमोच्या रस्त्याला लागला.

नोरीनने खुर्ची खिडकीशी नेली. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"थंडी वाजते का रे तुला?"

हर्शेल बाहेर बघत राहिला. ती थांबली. पुन्हा विचारलं. मग हलकेच त्याची टोपी काढली आणि केसांवरून हात फिरवला.

फोन वाजला. कुणी अनोळखी माणूस होता, फोर्ट वेनहून बोलत होता. जाहिरात वाचली म्हणाला.

"हो, विकायचीच आहे," नोरीन म्हणाली. "शनिवारी या की. नाही हो, अजून कुणीच बघायला आलेलं नाही. तुम्हीच पहिले."