टोळीची बोली

"तात्या, 'साल्मू' म्हणा. 'हाल्मू' नाही," शलाकाने पुन्हा सांगितलं.

नाटकातल्या डोंगरी टोळीसाठी तिने अख्खी भाषा रचली होती. पाण्यासाठीचा 'साल्मू' हा तिचा सगळ्यात लाडका शब्द. पण म्होरक्याचं काम करणाऱ्या तात्या हिंग्यांनी नुकतीच कवळी बसवली होती. 'स' म्हटला की तिच्यातून बारीक शिट्टी वाजायची, म्हणून ते 'ह'वर वेळ मारून न्यायचे.

निनादने, म्हणजे दिग्दर्शकाने, तिला बाजूला घेतलं. "भाषा तुझी आहे. तात्यांना बदलायचं का? तू म्हणशील तसं."

"बदलूया," ती म्हणाली. तालीम संपली की तात्यांना सांगायचं ठरलं.

पुढचा प्रवेश सुरू झाला. म्होरक्याच्या सुनेचं काम करणारी केतकी घागर घेऊन आली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "हाल्मू!" मागून सगळी टोळी ओरडली, "हाल्मू!"

"ही काय थट्टा लावलीय?" शलाका भडकली.

"थट्टा कसली?" केतकी म्हणाली. "तूच शिकवलंस ना, थोरली माणसं बोलतात तसं पोरं उचलतात आणि भाषा बदलत जाते म्हणून? आमचा म्होरक्या 'ह' म्हणतो. मग आम्ही 'स' कुठून आणायचा?"

तात्या मान खाली घालून उपरण्याने चष्मा पुसत बसले होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

निनाद शलाकाकडे बघत होता. ओरडून ओरडून तिचा घसा कोरडा पडला होता. ती तात्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या बाटलीकडे तिने हात केला.

"तात्या, जरा हाल्मू द्या."