जयवंतांच्या नावाचा जंत

"ह्यो बघा," म्हणत जयवंत सावंतांनी भिंतीवरच्या फ्रेमवर बोट टेकवलं. फ्रेममध्ये देव नव्हता, कुणी वाडवडीलही नव्हते. एक जंत होता. काळ्या शाईनं काढलेला, दोऱ्यासारखा बारीक, आणि खाली इंग्रजीत त्याचं लांबलचक नाव.

शेजारच्या रामदासचा नवा जावई चहा पिता पिता थांबला. "जंत?"

"हसू नकात. मरळ माशाच्या पोटात आसता. माज्या मेघनान शोधल्यान, आणि माजा नाव दिल्यान. आता जगात खंयही गावलो तरी माज्याच नावान वळखतले."

जावयानं कसंबसं हसू दाबलं. जयवंतांना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा ते स्वतःच भडकले होते. कार्टी बापाचं नाव जंताला देते म्हणून मुलीशी बोलणं टाकलं होतं. त्यात मासा गोड्या पाण्यातला, म्हणजे मालवणी माणसाच्या लेखी मासाच नव्हे. मग कुणीतरी सांगितलं की असं नाव पुस्तकात कायमचं राहतं, आणि लालबागच्या त्यांच्या खोलीत लगेच फ्रेम लागली. गिरणीत त्यांचा जन्म गेला तो बिल्ल्याच्या नंबरावर. तिथं त्यांना नावानं हाक मारणारा मुकादम कधी भेटला नाही.

मेघना कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आली होती. चपला पायातच होत्या. हे सगळं तिनं दारातून ऐकलं आणि पाहुणे जाईपर्यंत ती बाहेर गॅलरीतच उभी राहिली.

आत आल्यावर तिनं पाणीही घेतलं नाही.

"बाबा, ते नाव जाणार."

"खंय जाणार?"

"रद्द होणार. माझं चुकलं. असल्या जंतांच्या तोंडात रेघा असतात. माझ्या जंतात त्या कमी दिसल्या, म्हणून मी तो वेगळा धरला. आता एकाच मरळीच्या पोटात कमी रेघांचे निघाले, जास्त रेघांचेही निघाले. म्हणजे जात एकच. तिला शंभर वर्षांपूर्वीच एका साहेबानं नाव देऊन ठेवलंय. आधीचं असतं तेच चालतं."

जयवंत फ्रेमकडे बघत राहिले. जंत होता तसाच होता.

"ह्या शोधून कोणी काढल्यान?"

"मीच."

"तुज्याशिवाय कोणाक म्हायत आसा?"

"कालपर्यंत तरी कुणालाच नव्हतं."

"मग?"

त्या एका शब्दात त्यांनी काय मागितलं ते तिला कळलं. कधी काही न मागणारा माणूस. तिला वाटलं, खोटं बोलावं. पण आता त्याचाही उपयोग नव्हता.

"तसं लिहून लेख पाठवला बाबा. आज दुपारी."

"माका एकदा इचारूचा तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि मी ऐकलं असतं."

जयवंतांनी कोपऱ्यातलं स्टूल भिंतीशी ओढलं. त्यांचा गुडघा धड वाकत नव्हता म्हणून ती पुढे धावली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. भिंतीला धरून, कण्हत, ते स्वतःच वर चढले. फ्रेम काढली, खाली उतरले. रोज सकाळी पुसायचे तशीच खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली. कोपरे पुसले. मग फ्रेम खाटेवर पालथी ठेवली.

"असू दे ना भिंतीवर," मेघना म्हणाली. "कुणाला काय कळतंय?"

"माका कळता."

ते खाटेच्या कडेवर बसले. मग तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना.

"गिरण बंद केल्यानी, ती पण आमका न इचारताच," ते म्हणाले. "पण तो मालक परको होतो."