सासूबाई ट्रकमध्ये

लेक बाळंत झाली आणि नेमकी बस चुकली, म्हणून सासूबाई नाइलाजाने सुनेच्या ट्रकमध्ये चढून बसल्या. सून पुढच्या गाडीपासून ऐसपैस जागा सोडून ट्रक चालवत होती. त्या जागेत एक कार घुसली. सुनेने वेग कमी करून पुन्हा जागा केली. मग सामानाने लादलेला एक टेम्पो घुसला. सून पुन्हा मागे राहिली.

"अगं, येईल तो पुढे घुसतोय! आपण पोचेपर्यंत माझा नातू दाढी करायला लागेल."

"आई, मागे सिमेंटची पोती आहेत. एवढं अंतर लागतंच."

"तुझ्या नवऱ्याला मी जन्म दिलाय. मला नको शिकवूस."

तेवढ्यात टेम्पोवरचं लोखंडी कपाट धाडकन रस्त्यावर कोसळलं आणि टेम्पो जागच्या जागी थांबला. सुनेने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. ट्रक किंचाळत, घसरत पुढे गेला आणि कपाटापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

सासूबाईंनी सुनेचं मनगट गच्च धरलं होतं. ते सोडून त्या म्हणाल्या,

"तुम्ही दोघं वेगळं घर बघताय. कळलंय मला."

सुनेचा चेहरा पडला. "हो, आई."

"लांब आहे?"

"नाही हो. दोन गल्ल्या सोडून."

"घेऊन टाका," सासूबाई म्हणाल्या. "एकदा तोंड सुटलं की मलाही पटकन ब्रेक लागत नाही."