जांभळे पाइप

औद्योगिक वसाहतीतल्या पाण्याचा आराखडा माझा होता. पिण्याच्या पाण्याला निळे पाइप, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला जांभळे. ते पाणी दिसायला नितळ, पण फक्त बागेला आणि संडासांना द्यायचं. मध्येच जांभळे पाइप संपले आणि साहेबांनी निळेच टाकायला लावले. “जमिनीखाली रंग कोण बघतंय?” कुठला निळा कशाला जोडलाय, याचा घोर माझ्या जिवाला. शेवटी मी सांडपाण्याच्या टाकीत हिरवा रंग सोडलाच. बागेत हिरवं पाणी आलं, संडासांत आलं. ऑफिसच्या पिण्याच्या नळाला मात्र स्वच्छच होतं. “झालं समाधान, मॅडम?” साहेब हसत तिथेच हात धुऊ लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात ओले म्हणून मीच स्पीकर लावला. पलीकडे वसाहतीच्याच स्टाफ कॉलनीत राहणाऱ्या त्यांच्या आई होत्या. “अरे, स्वयंपाकघरातल्या नळाला आज हिरवं पाणी आलंय. कालपर्यंत किती स्वच्छ यायचं!”