पुसलेली काच

"आकडा कुठाय, मिस व्हर्ना?" दिव्यांच्या खांबाशी उभ्या हॉइटनं वाकून विचारलं.

गाडीची शेजारच्या सीटकडची काच व्हर्नानं ओल्या फडक्यानं लख्ख पुसली होती. बावीस वर्षं तिथं बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं एकच आकडा लिहिलेला असायचा. अकरा-नव्वद. तिनं पॉलिशची बाटली हॉइटच्या हातात कोंबली.

"आज आकडा नाही. दोन्ही बाजूंना हिरवा एकदमच लाव."

"दोन्ही बाजूंना? पण पलीकडं तर..."

"मला डोळे आहेत. तू तुझे दिवे सांभाळ."

पलीकडची बाजू रॉइसची. रॉइस फेब्रुवारीत गेला. अलाबामातल्या या शर्यतीच्या पट्टीवर रीतच आहे, शर्यतीतला माणूस गेला की हंगामाच्या पहिल्या शनिवारी त्याची बाजू रिकामी ठेवायची, शेजारून त्याच्या पट्टीवरच्या जोडीदारानं एकट्यानं गाडी काढायची आणि कठड्याला टेकलेल्यांनी टोप्या उतरवायच्या. जोडीदार म्हणजे काय, तर भांडायला हक्काचं माणूस.

व्हर्ना आकडेवाली. पाव मैलाला आपल्या गाडीला किती सेकंद लागतील ते आधी काचेवर लिहायचं, तिचे अकरा पूर्णांक नव्वद. हळू गाडीला तेवढं आधी सोडतात. मात्र आपल्याच आकड्याच्या आत पोचलं की बाद. म्हणून शेवटाला पेडलवरचा पाय उचलायचा. रॉइस सरळ भिडणाऱ्यांतला. दोघांनी एकदम सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला, विषय संपला.

"हा खेळ नव्हे, गणिताची परीक्षा आहे तुमची," तो म्हणायचा.

"आणि तुमचा? दावं सोडलं की बैलही पळतो. त्याला काय अक्कल लागते? एकदा काचेवर आकडा लिहून बसवून दाखव. आहे छाती?"

"तू एकदा पाय न उचलता ये माझ्या शेजारी. तुझ्या गाडीत दम किती, तुला तरी ठाऊक आहे का, म्हातारे?"

हे मात्र झोंबायचं. कारण ठाऊक नव्हतंच. येईन, येईन करत बावीस उन्हाळे तिनं टाळले. हरायची भीती, दुसरं काय! पण तोंडानं कोण कबूल करतंय? आता ती एक फेरी तेवढी राहून गेली होती, आणि आजच्यानंतर रॉइसची बाजू दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

ऊन कललं होतं. टोप्या उतरल्या. उकडलेल्या शेंगा विकणारासुद्धा गप्प झाला.

तिनं गाडी रेघेवर आणली. पुढच्या चाकानं रेघेवरचा उजेडाचा किरण अडला की खांबावरचे दिवे लागतात, वरचा म्हणजे गाडी आली, खालचा म्हणजे सुटायला तयार. आधी तिच्या बाजूचा वरचा पिवळा लागला, मग खालचा.

मग पलीकडचा वरचा लागला.

हॉइटनं रिकाम्या डांबराकडं पाहिलं. "किडाबिडा बसला असेल," तो पुटपुटला. पण बटण दाबेना.

खालचा दिवा लागेना. व्हर्नाला भीती वाटायला हवी होती, तिला राग आला. रॉइसची ही खोडच. वरचा दिवा लावायचा आणि तसंच बसून राहायचं, शेजारच्याचा धीर सुटेपर्यंत.

"ये की रे पुढं," ती दातांमधून म्हणाली. "शेगडीवर वाल ठेवून आलेय मी."

खालचा दिवा लागला.

मग हिरवा. इंजिन ओरडलं, सीटनं पाठीत लाथ घातली. शेवटची रेघ जवळ आली तसा पाय आपोआप वर येऊ लागला. तिनं एका हातानं आपलाच गुडघा खाली दाबून धरला. मान मात्र सवयीनं उजवीकडं, रिकाम्या सीटकडं वळली, शेजारची गाडी कुठवर आली ते बघायला. पुसलेल्या काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. पट्टी रिकामी होती. फक्त डांबरावर पडलेले कागदी पेले एकापाठोपाठ एक उडत होते. तिच्या बरोबरीनं. जरा पुढंच.

परतीच्या वाटेवरच्या टपरीच्या खिडकीत एर्लीन बसली होती, रॉइसची बायको. वेळेच्या चिठ्ठ्या तीच देते. तिनं चिठ्ठी पुढं केली. व्हर्नाच्या बाजूला अकरा-सत्याहत्तर. पलीकडची बाजू कोरी.

एर्लीननं चिठ्ठी सोडलीच नाही. ती व्हर्नाच्या पलीकडं बघत होती.

"आकडा लिहायचा नाही म्हणाली होतीस ना?"

व्हर्ना वळली. शेजारच्या सीटकडच्या काचेवर, आतून, पांढऱ्या पॉलिशनं लिहिलं होतं. अकरा-सत्याहत्तर. दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ. रॉइसनं पलटणीत असताना जर्मनीहून आणलेली ती लकब, चाळीस वर्षं एर्लीननं किराणाच्या यादीवर पाहिलेली. या गावात तसा सात दुसरं कुणी काढत नाही. बाटली अजून तिकडं हॉइटच्या हातात होती. पॉलिश ओलं होतं, एक थेंब हळूहळू खाली सरकत होता.

एर्लीननं काच पुसायला आपला रुमाल पुढं केला.

"राहू दे," व्हर्ना म्हणाली. मग मान वळवून, रिकाम्या सीटकडं बघत, मोठ्यानं म्हणाली, "गाडी पोचल्यावर काय, कुणीही लिहील!"

कर्ण्यात खरखर झाली. हॉइटचा आवाज आला, बारीक.

"मिस व्हर्ना, पलीकडचा वरचा दिवा परत लागलाय."

कर्णा पुन्हा खरखरला.

"खालचा अजून नाही."