उलटी कानस

"अहो, त्या बाजूला नको, कुत्री फार आहेत," बायको म्हणाली. पण वेल्डर आज कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. दुकान बंद केल्यापासून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि तोच तोच रस्ता तुडवून त्याला वीट आला होता. तो सरळ रूळ ओलांडून पलीकडच्या नव्या वस्तीत शिरला. तिथं कुत्रं औषधालासुद्धा नव्हतं.

वळणावर बाग लागली. मधोमध दोन पुरुष उंचीचा लोखंडी बगळा, पंख पसरून आता उडेल की मग, असा. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

वेल्डर जागच्या जागी थबकला. मान सायकलच्या चेनींची, पाय सळयांचे, पंखातलं एकेक पीस म्हणजे जुनी कानस. सात महिने खपला होता तो या बगळ्यामागे. जन्मभर लोकांची फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडले. मनासारखं केलेलं हे एवढं एकच. आणि धाकटा भाऊ येऊन म्हणाला होता, "दादा, नगरपालिकेला पसंत नाही पडला. भंगारात गेला." वेल्डर दोन दिवस जेवला नव्हता.

पाटीवर धाकट्याचं नाव होतं. नावाच्या आधी 'शिल्पकार'. ज्याला वेल्डिंगचा एक टाका धड घालता येत नाही, तो म्हणे शिल्पकार!

"केसानं गळा कापला गं त्यानं," वेल्डर म्हणाला. "माझ्या पाठच्या भावानं."

"चला घरी. तुमचं बीपी वाढेल."

"थांब. ते बघ, डाव्या पंखात एक कानस उलटी लागलीय, मुठीचं टोक बाहेर. त्या दिवशी डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, मला दिसलंच नाही. चूक माझी आहे ती! आता हीच दाखवतो सगळ्यांना, म्हणजे कळेल काम कुणाचं."

"काही उपयोग नाही," बायको घाईघाईनं म्हणाली. "भाऊजींनी उद्घाटनालाच सांगितलं, ती मुद्दाम उलटी लावलीय म्हणून. लोकांना तर तेच फार..."

तिनं जीभ चावली.

"उद्घाटन कधी झालं?"

तिनं हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"अगं, कधी झालं?"

"तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा."

तो पट्टी बांधून खाटेवर पडला होता. ती औषध आणते म्हणून गेली ती दुपारभर आली नव्हती. दुकानात गर्दी होती म्हणाली, आणि त्याला उलट तिचीच दया आली होती.

"भाऊजींचं बस्तान बसायचं होतं हो," बायको रडकुंडीला आली. "तुम्ही तर काम बंदच करणार होता."

वेल्डरनं पुन्हा एकदा बगळ्याकडे पाहिलं. मग हळूच त्यानं विचारलं, "टाळ्या पडल्या?"

"खूप."

"तू वाजवल्यास?"

बायकोनं दोन्ही हात पिशवीमागे घेतले.