अडतीसची रेघ

"तुमचा पारा खोटा, तुमची ती लाल रेघ खोटी, आणि इथे गारव्यात बसून सह्या ठोकणारे तुम्हीही खोटे!"

थोरलीने साहेबांच्या टेबलावर हात आपटला. दारातल्या मुकादमाने आधी मान खाली घातली, मग हळूच दार लोटून घेतलं. त्या लॉन्ड्रीत साहेबांसमोर इतक्या चढ्या आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं. पण काल दुपारी थोरलीची धाकटी जाऊ वाफेच्या इस्त्रीवर कोसळली होती. हात कोपरापर्यंत भाजला. अजून तिने डोळे उघडले नव्हते. उष्माघात, डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ द्या, मग बघू.

नियम साहेबांनीच लिहून भिंतीवर डकवला होता. इस्त्रीखात्यात पारा अडतीसच्या लाल रेघेला टेकला की सगळ्या इस्त्र्या तासभर बंद. पण पारा टेकेल तर ना! बायकांच्या अंगाची लाही लाही व्हायची, चादरींच्या घड्या घालता घालता पदर पिळायची वेळ यायची, आणि पारा आपला सदतीसवर मख्खासारखा बसलेला.

"आवाज खाली, बाई. पारा काही माझा नोकर नाही."

"नाही कसा? मागच्या महिन्यात मी दोन दिवस तापाने घरी होते, तेव्हा बरा चढला! दोन्ही दिवस इस्त्र्या बंद झाल्या. मी असले की मात्र हलत नाही. माझ्या डोक्यावरच टांगलाय तो. रोज बघते, मला शिकवू नका."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आणि तुमची जाऊ? तिलाच तर वारा सोसत नाही म्हणे. भर उन्हाळ्यात खिडक्या लावत फिरते. गरमीची एवढी हौस असेल तर आम्ही काय करणार?"

थोरलीने टेबलावरचा हात मागे घेतला. कारण हे खरं होतं.

थोरलीला उकाड्याचा तिटकारा. सकाळी कामावर आली की आधी ती टेबलामागची खिडकी सताड उघडायची. मागच्या बोळात दिवसभर सावली, तिथून गार झुळूक यायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आणि धाकटीला नेमकी तीच झुळूक खुपायची. धाकटीची इस्त्री पार दुसऱ्या टोकाला, बॉयलरच्या भिंतीला चिकटून. या खिडकीचा वारा तिथे जाणंच शक्य नव्हतं. तरी बया तेवढी चालत यायची आणि खिडकी लावून जायची.

"ताई, राहू द्या ना बंद. मला गार वारा बाधतो."

मुकादम दोन हातांवर उभा असायचा. धाकटी एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा थोरलीकडे, आणि पुढे काही न बोलता वळायची. थोरली लगेच खिडकी उघडायची.

गार वारा बाधतो म्हणे! घरी हीच बाई पंख्याखालची जागा सोडत नव्हती. सासू एकदा म्हणालीसुद्धा, "हिला काय, बर्फावर निजवा." म्हणजे हा निव्वळ खोडसाळपणा. थोरलीला मिळेल ते हिरावून घ्यायचं, बस्स. दोघींचं घरात बोलणं बंद झाल्याला आता महिना होत आला होता.

काल तर ती तीनदा आली. तिसऱ्यांदा तिचे पाय लटपटत होते, ओठ कोरडे पडले होते. "ताई, आज तरी..."

थोरलीने खांद्याला धरून तिला वळवलं. "जा, बॉयलरला मिठी मारून बस. ऊब मिळेल."

अर्ध्या तासाने ती कोसळली.

ते वाक्य थोरलीला रात्रभर छळत होतं. म्हणून तर ती आज भांडत होती. "सरकारी इन्स्पेक्टर बाहेर आलाय," ती साहेबांना म्हणाली. "मी बोलावलाय. उठा. तुमची लबाडी त्याच्यासमोर उघडी करते."

इन्स्पेक्टर उंच, अबोल माणूस होता. त्याने स्वतःचं थर्मामीटर आणलं होतं. धाकटीच्या इस्त्रीपाशी त्याने ते धरलं. चव्वेचाळीस. खात्याच्या मधोमध, बेचाळीस.

"बघा!" थोरली ओरडली. सगळ्या बायका कामं टाकून गोळा झाल्या.

मग तो थोरलीच्या टेबलामागे गेला. भिंतीवरचा पारा सदतीसवर. त्याच्याशेजारी त्याने आपलं थर्मामीटर लावलं आणि घड्याळात बघत उभा राहिला. त्याचाही पारा उतरत आला आणि सदतीसवर थांबला.

"भिंतीवरचं खोटं नाही," तो म्हणाला. "इथे कुणी टांगलं हे?"

"होता तिथे खिळा," साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टरने शेजारची खिडकी ओढून बघितली. ती जागची हलेना.

"ओढू नका, तारेने बांधलीय," थोरली पुढे झाली. "मीच बांधली. सारखी लावून घ्यायची आमची जाऊ, काल तर तीनदा आली, वैताग आला होता." तिने तारेचे पीळ सोडवले.

इन्स्पेक्टरने खिडकी लावली. कडी घातली. थोरलीच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. भिंतीवरचा पारा जरासा हलला. साडेसदतीस. मग हळूहळू वर, आणखी वर, आणि लाल रेघेला टेकला.

मुकादमाचा हात सवयीने खटक्याकडे गेला. वाफेचा फुत्कार थांबला. एकामागून एक सगळ्या इस्त्र्या बंद पडल्या, आणि खात्यात इतकी शांतता पसरली की नळाचं ठिबकणंही ऐकू येऊ लागलं.

इन्स्पेक्टरने वही उघडली.

"बाई, ही तार तुम्ही कधी बांधली?"

थोरली पाऱ्याकडे बघत होती.

"मी तुम्हाला विचारतोय. काल तुमची जाऊ तीनदा इथे आली, तेव्हा ही तार होती की नव्हती?"